माहीमचं चर्च नक्की कोणाचं?

परवा भाच्याचा फोन आला. शाळेत प्रोजेक्ट होतं आणि त्याला एका ओळीत उत्तर हवं होतं. "मामा, माहीमचं चर्च पोर्तुगीजांचं ना?"

"हो रे, १५३४ चं मानतात. आंतोनियो दो पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बांधलं," असं सांगून मी फोन ठेवला असता तर त्याचं काम झालं असतं. पण 'पोर्तुगीजांचं' या शब्दावर माझी गाडी अडली ती अडलीच. त्याला जे सांगायला घेतलं ते त्याने दहा मिनिटांत कंटाळून सोडलं. आता तुम्ही ऐका. :)

सगळ्यात आधी इमारतीबद्दल. लेडी जमशेदजी रोडवर आज दिसतं ते सेंट मायकल चर्च १९७३ चं आहे, काँक्रीटचं. जुनं पडायचं आणि त्याच जागी नवं उभं राहायचं, असं तिथे आधीही झालेलं आहे. (दादरच्या 'पोर्तुगीज चर्च'चीही तीच तऱ्हा. आजची वास्तू चार्ल्स कोरियांची, १९७० च्या दशकातली. बसच्या कंडक्टरने तिला पोर्तुगीज करून ठेवलंय एवढंच.) म्हणजे जुनं म्हणायचं ते दगडविटांना नव्हे. मग कशाला?

१६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६५ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला. राज्यकर्ते प्रोटेस्टंट, आणि बेटांवरचे ख्रिस्ती कॅथलिक. आपल्या मुलखातल्या प्रजेने गोव्याच्या आर्चबिशपचं, म्हणजे पर्यायाने पोर्तुगालच्या राजाचं ऐकावं हे कंपनी सरकारला खटकत होतं. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज पाद्र्यांना मुंबईबाहेर काढलं आणि त्यांच्या जागी रोमने थेट पाठवलेले कार्मेलाइट पाद्री आणले. इथून जे सुरू झालं ते पुढे दोनशे वर्षं चाललं. एका बाजूला 'पाद्रोआदो', म्हणजे चर्च बांधण्या-सांभाळण्याच्या बदल्यात पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला धर्मगुरू नेमण्याचा हक्क. दुसऱ्या बाजूला 'प्रोपागांडा', म्हणजे रोमचं स्वतःचं मिशन खातं. श्रद्धा तीच, मिस्सा तीच, लॅटिनही तेच. भांडण होतं ते चाव्या कोणाकडे राहणार याचं.

१७८९ मध्ये पोर्तुगालच्या मागणीवरून कंपनीने चर्चेस गोव्याकडे परत दिली. १७९१ मध्ये ती पुन्हा कार्मेलाइटांकडे गेली. शेवटी १७९४ मध्ये सरळ वाटणीच केली, भाऊबंदकीत शेतं वाटतात तशी. माझगावचं ग्लोरिया आणि 'अप्पर माहीम'चं सेंट मायकल गोव्याकडे. एस्पेरान्सा आणि 'लोअर माहीम'चं, म्हणजे आपलं दादरचं, साल्व्हासांव रोमकडे. आता विचार करा, मधल्या वाडीत राहणाऱ्या माणसाने पोराचा बाप्तिस्मा कुठे करायचा? बहीण दादरला दिलेली आणि भाऊ माहीमला, तर एका घरात दोन बिशप! हा गोंधळ कागदावर गमतीचा वाटतो, पण लग्न लावणारा पाद्री खरा की नाही, असा प्रश्न ज्यांच्यापुढे आला त्यांना तो गमतीचा वाटला नसणार.

१८५३ मध्ये तर कहर झाला. हार्टमन नावाचे स्विस कापुचिन बिशप तेव्हा रोमच्या बाजूने मुंबईचा कारभार पाहत होते. ('एक्झामिनर' हे साप्ताहिक १८५० मध्ये त्यांनीच सुरू केलं.) सेंट मायकल विरुद्ध पक्षाच्या हाती जाऊ द्यायचं नाही म्हणून ते स्वतः चर्चमध्ये ठाण मांडून बसले. बाहेर गोव्याच्या बाजूच्या लोकांनी वेढा घातला. येणंजाणं बंद, रसद बंद, आणि आत बिशप म्हणतायत की मरेन पण जागा सोडणार नाही. सुमारे पंधरा दिवस हे चाललं. अखेर सरकारने मध्ये पडून दारं उघडवली आणि चर्च पाद्रोआदोवाल्यांच्या हवाली झालं. आज त्याच रस्त्यावर पंधरा मिनिटं ट्रॅफिक अडला तर आपण हैराण होतो. असो.

हा दुहेरी कारभार पूर्णपणे मिटायला १९२८ साल उजाडलं. तेव्हा ठरलं की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. भारतीय माणूस, व्हॅलेरियन ग्रेशस, त्या खुर्चीवर आला तो १९५० मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांनी!

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत राहतं की या कागदपत्रांत राजे आहेत, गव्हर्नर आहेत, बिशप आहेत, पण रविवारी बाकांवर बसणारी माणसं फार कमी दिसतात. आणि चर्च टिकवलं ते त्यांनी. कोळी, भंडारी, आगरी, कुणबी अशा इथल्याच जातींतून ख्रिस्ती झालेली ही माणसं. घरात मराठीच बोलत. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घ्यायचं ठरवलं, कारण नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळुराहून आलेल्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे सरकारला दाखवायचं होतं. नाव इंग्रजी आणि लग्नात मात्र बॅण्ड लावून विहिरीवर उंबराचं पाणी काढायला जायचं! १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत गल्लोगल्ली क्रूस उभे राहिले. त्यांतले कित्येक अजून आहेत, कुठे कुठे मे महिन्यात त्यांच्यापुढे प्रार्थना होते आणि नंतर चणे वाटतात.

मराठीत पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. मूळ शब्दात नुसती हद्द आहे, यात गाव आहे.

या गावाने शेजारधर्मही पाळलाय. १७३९ च्या सुमारास मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली त्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरची माऊलीची चॅपल राहिली नाही. तिची मूर्ती खाडीपलीकडे माहीमला आणून सेंट मायकलमध्ये ठेवली. आज ज्या कॉजवेवरून आपण धडधडत जातो तो तेव्हा नव्हता, तो १८४० च्या दशकातला. मूर्ती होडीतूनच आली असणार. १७६१ मध्ये ती वांद्र्याला परत गेली. म्हणजे वीसेक वर्षं कोळ्यांची मोत माऊली माहीमला पाहुणी होती.

आणि मग बुधवार. ८ सप्टेंबर १९४८ ला, मारियेच्या जन्मदिवशी, इथे निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची नोव्हेना सुरू झाली आणि ती आजतागायत चालू आहे. ओळीने नऊ बुधवार करायचे. पहाटेपासून रात्रीपर्यंत इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी, तमिळ. फाटकाबाहेर मेणाची घरं, मेणाची बाळं, मेणाचे हातपाय. ज्याचं जे दुखतं ते त्याने वाहायचं. मुख्य म्हणजे येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे.

आमची आई त्यांतलीच. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि बाबा घरी बसले. महिन्यामागून महिने गेले. पहिल्यांदा बांगड्या गेल्या, मग पितळी भांडी. आमच्या चाळीत एक ईस्ट इंडियन मावशी होत्या. त्यांनी आईला काही समजावलं नाही, उपदेश केला नाही. एका बुधवारी "चल गं, नुसती बसून ये" म्हणाल्या. आजीला हे अजिबात पसंत नव्हतं. "उद्या नाव बदलून येशील," असं ती आईला सगळ्यांदेखत म्हणाली होती. आई काही बोलली नाही. कुंकू लावून, डोक्यावर पदर घेऊन नऊ बुधवार गेली.

बाबांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. त्यांना पुढे एका दुकानात काम मिळालं, अर्ध्या पगारावर. मी आईला एकदा विचारलं होतं, मग उपयोग काय झाला? ती म्हणाली, "तिथे दर वेळी लोकांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायचे. कुणाचं मूल आजारी, कुणाचा नवरा दारू पितो. मला तोवर वाटायचं संप फक्त आपल्याच घरात आलाय." इतकंच. नाव तिचं तेच राहिलं. देव्हाऱ्यात गणपतीशेजारी मावशींनी दिलेली छोटी तसबीर आली. आजीने ती काढली नाही. पण ती पुसायचीही नाही, तेवढी सोडून बाकीचे देव पुसायची. :)

मावशींच्या घरचे चाळ पाडल्यावर वसईला गेले. तसे बरेच गेले. जागा विकल्या, मुलं मोठी झाली, माहीममध्ये परवडेना. आता त्यांचं धर्मग्राम तिकडचं, वर्गणी तिकडे, मुलांचं कॉम्युनियन तिकडे. बुधवारी माहीमला पाय ठेवायला जागा नसते, पण ज्यांच्या पणजोबांनी त्या वेढ्यात कुठली ना कुठली बाजू घेतली असेल, त्यांची घरं आसपास एकेक करून कमी होतायत. याबद्दल कोणी बातमी छापत नाही.

मावशी तीन वर्षांपूर्वी गेल्या. पुरलं वसईलाच, नियमाने ते तिकडच्या धर्मग्रामातच. पण महिन्याच्या मिस्सेला मुलाने माहीम धरलं, आणि वार बुधवार. सकाळच्या लोकलने अकरा जण आले, वसईची केळी घेऊन. मराठी मिस्सेत मावशींचं नाव वाचलं तेव्हा आई माझ्या शेजारी होती. आता तिला गुडघे टेकता येत नाहीत, बसूनच हात जोडले. बाहेर आल्यावर तिने मेणाचं घर विकत घेतलं. कोणासाठी ते मी विचारलं नाही, ती परत आत गेली आणि ठेवून आली.