कोंबडीने मान टाकली तर काय करायचं? परसातल्या कोंबड्यांचे आजार, लस आणि साथ : 7 प्रश्नांची उत्तरं

संध्याकाळी धडधाकट दिसलेली कोंबडी सकाळी डालग्यातून बाहेर पडत नाही. पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसते. तिच्या हिरवट-पांढऱ्या विष्ठेने जमीन खराब झालेली असते. दुपारपर्यंत दुसरी कोंबडीही तशीच दिसायला लागते. मग शेजारीपाजारी सल्ला देतात, "मर आलीय. आजच कापा, नाहीतर बाजारात नेऊन विका."

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर हा सल्ला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. पण याच सल्ल्यामुळे एका घरातला आजार अख्ख्या वस्तीत पसरतो.

परसातल्या कोंबड्या कुंपण मानत नाहीत. दिवसभर त्या एकाच उकिरड्यावर, एकाच ओढ्याकाठी चरतात. त्यामुळे कागदावर दहा घरांच्या कोंबड्या वेगळ्या असल्या, तरी आजारासाठी तो एकच कळप असतो. हे लक्षात घेतलं, तर पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

1. परसातल्या कोंबड्या इतक्या महत्त्वाच्या का?

2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 85 कोटी कोंबड्या व इतर कुक्कुट पक्षी होते. त्यापैकी जवळपास 32 कोटी परसातले होते. 2012 च्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे 46 टक्क्यांनी वाढली होती.

अकोले, संगमनेरच्या डोंगराळ भागात किंवा जामखेड, कर्जत, पाथर्डीच्या कोरडवाहू पट्ट्यात पाच-दहा कोंबड्या म्हणजे घरातली चालती-बोलती बचत. मुलांच्या वह्या, दवाखान्याचा खर्च, अचानक आलेले पाहुणे, सगळं त्यातून निघतं. हे पैसे बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हातात असतात. गाय-म्हैस आजारी पडली की लगेच डॉक्टरांना फोन जातो. कोंबडीसाठी मात्र "एवढीशी कोंबडी, तिला काय डॉक्टर?" असं म्हटलं जातं. दहाच्या दहा कोंबड्या चार दिवसांत गेल्या, की नुकसान किती झालं ते कळतं.

2. आजारी कोंबडी ओळखायची कशी?

कोंबडी आजार लपवते. अशक्त पक्ष्याला कळपातले बाकीचे पक्षी टोचतात, त्यामुळे ती शेवटपर्यंत चरत असल्यासारखी वावरते. म्हणून सकाळी खुराडं उघडताना आणि संध्याकाळी झाकताना दोन मिनिटं थांबून बघा. शेवटी कोण बाहेर आलं? दाण्याकडे कोण धावलं नाही? तुरा फिका किंवा निळसर पडलाय का? श्वास घेताना तोंड उघडं राहतंय का?

नेहमी दिसणारे आजार असे ओळखता येतात :

- राणीखेत, म्हणजेच मानमोडी : हिरवट-पांढरी हगवण, धाप, पाय-पंख लुळे पडणं आणि मान वाकडी होणं. हा विषाणूजन्य आजार आहे. लस नसलेल्या कळपात जवळजवळ सगळ्या कोंबड्या दगावू शकतात.
- देवी : तुरा, गलोल आणि डोळ्यांभोवती खपल्या येतात. डासांमुळे पसरतो. फक्त कातडीवर असेल तर बरीच जनावरं वाचतात, पण डोळे चिकटल्याने कोंबडी उपाशी राहू शकते.
- रक्ती हगवण : साधारण तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांमध्ये जास्त. विष्ठेत रक्त दिसतं. ओलसर, दमट जागा हे मुख्य कारण.
- सर्दी आणि श्वासाचे आजार : शिंका, नाकातून पाणी, चेहऱ्यावर सूज, घरघर.
- जंत आणि गोचीड : कोंबडी खाते पण वाळत जाते, अंडी कमी होतात, तुरा फिका पडतो. गोचीड दिवसा खुराड्याच्या फटीत लपते आणि रात्री रक्त पिते.

3. राणीखेत हे नाव कुठून आलं आणि त्यावर औषध का नाही?

राणीखेत हे उत्तराखंडमधलं थंड हवेचं ठिकाण. 1920 च्या दशकात तिथल्या कोंबड्यांमध्ये हा आजार आढळला, म्हणून भारतात त्याला ते नाव पडलं. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळही तो सापडला होता. म्हणून जगभरात तो 'न्यूकॅसल डिसीज' म्हणून ओळखला जातो.

विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. त्यामुळे मेडिकलमधून आणलेली कॅप्सूल फोडून पाण्यात टाकली तरी मानमोडी बरी होत नाही. हळद, लसूण, कांद्याचा रस यांचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्यांनीही विषाणू मरत नाही. या उपायांवर भरवसा ठेवला, की दोन-तीन मोलाचे दिवस वाया जातात आणि तेवढ्यात शेजारच्या कोंबड्या आजारी पडतात.

अँटिबायोटिक मनाने देण्याचा आणखी एक तोटा आहे. औषधाचा अंश अंड्यात आणि मांसात उतरतो. डॉक्टरांनी औषध दिलं असेल, तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे त्यांना आवर्जून विचारा. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन हे औषध कोंबड्या आणि इतर खाद्यप्राण्यांसाठी वापरायला केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली, ती याच काळजीपोटी.

4. लस कधी आणि कशी द्यायची?

मानमोडीवर खात्रीचा उपाय एकच, लस. साधारण वेळापत्रक असं असतं :

- पहिला आठवडा (5 ते 7 दिवस) : राणीखेतची लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब
- दुसरा आठवडा : गंबोरोची लस
- चौथा आठवडा : लासोटाचा दुसरा डोस
- सहावा आठवडा : देवीची लस
- आठवा आठवडा : राणीखेतची आर-टू-बी लस, इंजेक्शनने

त्यानंतरचे डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने. आर-टू-बी ही तीव्र लस आहे. ती लहान पिल्लांना दिली तर पिल्लंच आजारी पडू शकतात. आजारी कोंबडीला कुठलीच लस देत नाहीत. लस देण्याच्या आठवडाभर आधी जंतनाशक दिलं, तर लशीचा परिणाम चांगला होतो.

राज्यात पुण्याच्या औंधमधली पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था कोंबड्यांच्या लसी तयार करते. लस गावात पोहोचते, पण वाडीवर अडचण वेगळीच असते. एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांसाठी असते. ती बर्फातून आणावी लागते आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. ज्या घरात आठ कोंबड्या आहेत, तिथे एवढ्यासाठी कोण येणार?

इथे 'एकच कळप' ही गोष्ट कामाला येते. वस्तीतल्या दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवायचा. बचत गटाच्या बैठकीत नावं आणि कोंबड्यांची संख्या लिहून घ्यायची आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकत्र मागणी करायची. लस पहाटे द्यायची, कारण एकदा कोंबड्या खुराड्यातून सुटल्या की हाती लागत नाहीत. शंभर कोंबड्या झाल्या, की कुपी वाया जात नाही आणि लस न घेतलेलं एखादं घर मध्ये राहून साथीला वाट मिळत नाही.

पिण्याच्या पाण्यातून लस द्यायची असेल, तर टीसीएल पावडर टाकलेलं नळाचं पाणी वापरू नका. त्यातल्या क्लोरिनने लस निकामी होते.

5. कोंबडी आजारी पडलीच, तर पहिल्या दिवशी काय करायचं?

सगळ्यात आधी तिला वेगळं करा. घराच्या दुसऱ्या बाजूला डालग्याखाली, कोरड्या भुशावर, वाऱ्यापासून आडोसा करून ठेवा. तिची पाण्याची वाटी वेगळी ठेवा.

आधी निरोगी कोंबड्यांचं दाणा-पाणी करा, शेवटी आजारी कोंबडीकडे जा. नंतर हात-पाय साबणाने धुवा. चपलेला लागलेल्या विष्ठेतूनही आजार पसरतो.

पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घालून समोर ठेवा. भिजवलेली कणी किंवा मऊ भाकरीचा चुरा द्या. चोच उघडून जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाऊ शकतं. देवीमुळे डोळे चिकटले असतील, तर कोमट मिठाच्या पाण्याने हळूच पुसा आणि चोच पाण्याच्या वाटीपर्यंत न्या.

यामुळे कोंबडीला तग धरायला मदत होते, आजार मात्र बरा होत नाही. म्हणून त्याच दिवशी दवाखान्याला कळवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

6. आजारी कोंबडी विकली किंवा कापली तर काय बिघडलं?

विकणाऱ्याची अडचण खरी असते. मरणाऱ्या कोंबडीचे चार पैसे तरी सुटावेत, एवढंच त्याला हवं असतं. पण आठवडे बाजारात ती कोंबडी इतरांबरोबर एकाच जाळीत जाते आणि तिथून चार गावांत पोहोचते. आषाढात, म्हणजे आखाडात आणि गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत कोंबड्यांची खरेदी-विक्री वाढते, तेव्हा हा धोकाही वाढतो. कापलेल्या कोंबडीची पिसं आणि आतडी उकिरड्यावर टाकली, की बाकीच्या कोंबड्या तीच टोचतात.

शिवाय प्रत्येक मर मानमोडीचीच असते असं नाही. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे 800 कोंबड्या मेल्यानंतर तिथेही बर्ड फ्लूचं निदान झालं. बर्ड फ्लू आणि मानमोडी नुसत्या नजरेने वेगळे सांगता येत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी लागते. बर्ड फ्लू क्वचित माणसालाही होतो आणि मुख्यतः आजारी पक्षी हाताळणाऱ्यांना होतो. नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यातून तो होत नाही. खरी जोखीम कापताना आणि सोलताना असते.

म्हणून एकाच दिवशी अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या किंवा सोबत कावळे, बगळे मेलेले दिसले, तर उघड्या हाताने काहीही उचलू नका आणि लगेच कळवा. अशी माहिती देणं ही 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार मालकाची जबाबदारीही आहे. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. पाण्यापासून लांब, कुत्री उकरणार नाहीत एवढ्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

7. आजार येऊच नये म्हणून रोज काय करायचं?

नवी कोंबडी लगेच कळपात सोडू नका. बाजारातून आणलेली किंवा पाहुण्यांनी दिलेली कोंबडी दोन ते तीन आठवडे वेगळी ठेवा. न विकली गेल्याने बाजारातून परत आणलेल्या कोंबडीलाही हाच नियम.

खुराडं कोरडं ठेवा. घाटघर, रतनवाडीकडच्या पावसात जमीन महिनोन्‌महिने ओली असते. तिथे खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच करा. खाली भाताचं तूस पसरा आणि ओलं झालं की बदला. फटींना चुना लावला की गोचीड कमी होते. मुंगूस आणि रानमांजर शिरणार नाही अशी जाळी बसवा.

उन्हाळ्यात सावली आणि पाणी द्या. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. श्रीगोंदा, जामखेडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी मातीच्या भांड्यात गार पाणी आणि वर ओल्या पोत्याचा आडोसा हवाच.

चरण्यावर सगळं सोडू नका. रोज प्रत्येक कोंबडीला मूठभर बाजरी, ज्वारी किंवा मका द्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा द्या. राखमिश्रित मातीत त्यांना लोळू द्या, त्याने उवा कमी होतात.

पिल्लांची ऊब सांभाळा. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की 21 दिवसांनी पिल्लं निघतात. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची पिल्लं आणलीत तर पहिले तीन-चार आठवडे बल्बची ऊब द्यावी लागते.

आणि एक छोटी वही ठेवा. कोणती लस कधी दिली, जंतनाशक कधी दिलं, कोणती कोंबडी कधी आजारी पडली, एवढंच लिहा. डॉक्टर आले की पहिला प्रश्न हाच विचारतात. लशीच्या पुढच्या तारखेला शेजारच्या घरांनाही त्याच वहीतून आठवण करून देता येते.