प्रकाशाची ओळ : स्क्रियाबिनच्या ‘प्रोमेथ्यूस’ची संहिता आणि तिचे प्रयोग

वाद्यवृंद वाजत असताना त्याच्या पाठीमागच्या पडद्यावर दृश्ये प्रक्षेपित करण्याची प्रथा पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सभागृहांत आज रुळली आहे. या प्रथेचा पूर्वेतिहास सांगताना अलेक्सांद्र स्क्रियाबिन (१८७२–१९१५) या रशियन रचनाकाराच्या ‘प्रोमेथ्यूस : अग्निकाव्य’ या कृतीचा उल्लेख आदिपुरुषाच्या थाटात केला जातो. परंतु संहिता आणि प्रयोग यांच्या परस्परसंबंधाच्या दृष्टीने पाहिले, तर ही कृती त्या प्रथेची जननी नसून तिच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा करणारी आहे, असे दिसून येते.

रंग आणि स्वर यांचे नाते जोडण्याची आकांक्षा स्क्रियाबिनच्या आधीची आहे. न्यूटनने ‘ऑप्टिक्स’ (१७०४) या ग्रंथात वर्णपटाच्या सात रंगांची सप्तकाच्या स्वरांतरांशी सांगड घातली होती. १७२५ मध्ये लुई बेरत्राँ कास्तेल या फ्रेंच जेझुइटाने ‘डोळ्यांसाठी हार्पसिकॉर्ड’ ही कल्पना मांडली. १८९५ मध्ये अलेक्झांडर वॉलेस रिमिंग्टन याने लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये आपला ‘रंग-ऑर्गन’ लोकांपुढे आणला. या सर्वांचा भर यंत्रावर होता. संगीत आधीच सिद्ध असे आणि रंग त्याला मागाहून येऊन मिळत.

१९१० मध्ये पूर्ण झालेल्या ‘प्रोमेथ्यूस’मध्ये हा क्रम पालटतो. मोठा वाद्यवृंद, पियानो, ऑर्गन आणि शब्दविरहित वृंदगान यांच्यासाठी लिहिलेल्या, सुमारे वीस मिनिटांच्या या रचनेच्या स्वरलेखनात सर्वांत वरची ओळ ‘लुचे’ म्हणजे प्रकाश या नावाची आहे. ती इतर वाद्यांच्या ओळींप्रमाणेच स्वरचिन्हांत लिहिलेली आहे. ‘सी’ म्हणजे लाल, ‘डी’ म्हणजे पिवळा, ‘ए’ म्हणजे हिरवा अशी रचनाकाराच्या मनातील संगती होती आणि त्याचा सहकारी लिओनिद सबानेयेव याने ती नोंदवून ठेवली.

या ओळीत मुख्यतः दोन स्वरधारा आहेत. पहिली जलद आहे. बदलत्या स्वरसंघातांच्या मूलस्वरांमागे ती सावलीसारखी जाते. दुसरी अतिशय संथ आहे. ‘एफ शार्प’पासून निघून पूर्ण स्वरांतराच्या सहा पायऱ्यांनी ती पुन्हा ‘एफ शार्प’वर येते आणि तेवढ्यात संपूर्ण कृती व्यापते. निळ्यापासून जांभळ्या व पोलादी छटांतून लाल रंगापर्यंत आणि तेथून पिवळ्यातून परत निळ्याकडे असा हा प्रवास आहे. आत्मतत्त्वाचे जडात उतरणे आणि तेथून मुक्त होणे हा थिऑसफीतील विचार अभ्यासकांनी त्यात पाहिला आहे. स्क्रियाबिनवरील मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या ग्रंथांचा प्रभाव आणि आपली अपूर्ण राहिलेली ‘मिस्टेरियम’ ही महाकृती भारतातच सादर व्हावी हा त्याचा संकल्प लक्षात घेता, हे अर्थनिर्णयन निराधार म्हणता येत नाही.

येथे महत्त्वाचा मुद्दा असा, की जलद धारा कानांना जे ऐकू येते त्याचीच पुनरुक्ती करते, तर संथ धारेला वाद्यवृंदात कोणी वाली नाही. ती केवळ प्रकाशात आहे. म्हणजेच प्रकाश वगळला, तर सजावट वगळली असे होत नाही. संहितेतील एक विधान अनुच्चारित राहते.

प्रयोगांचा इतिहास मात्र नेमका या अनुच्चाराचा इतिहास आहे. १९११ मध्ये मॉस्को येथे सेर्गेई कुसेवित्स्की याच्या संचालनाखाली पहिला प्रयोग झाला, तो प्रकाशाविना. आणि पियानोवर खुद्द रचनाकार होता. घरी त्याच्यापाशी अलेक्सांद्र मोझर याने बनवलेले रंगीत दिव्यांचे एक छोटे उपकरण होते, पण ते सभागृहाला पुरणारे नव्हते. २० मार्च १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मॉडेस्ट आल्टशूलर याने प्रकाशासह प्रयोग केला. स्क्रियाबिनला अवघे सभागृह रंगात बुडालेले हवे होते. येथे रंग मर्यादित आकाराच्या पडद्यावर पडले. समीक्षकांना त्यांचा संगीताशी संबंध जाणवला नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल १९१५ मध्ये, स्क्रियाबिनचे निधन झाले.

ते रंग पडद्यावर पडले ही बाब तांत्रिक तडजोडीपुरती नाही. पडदा आला की प्रकाशाचे चित्र होते आणि चित्रापुढे बसलेला श्रोता त्यात संगीताचा ‘अर्थ’ शोधू लागतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून दाखवलेल्या ‘शांबरिक खरोलिके’त काचेवरील चित्रे दिव्याने पडद्यावर उमटत आणि सोबत निवेदन व गाणी असत. तेथे हे नाते निकोप होते, कारण पौराणिक कथा चित्र, शब्द आणि गीत या तिघांनाही बांधून ठेवणारी होती. ‘प्रोमेथ्यूस’मध्ये अशी कथाच नाही. तेथे पडदा रिकामे भाष्य करू लागतो.

रचनाकाराने स्वतः प्रकाशाविना प्रयोग मान्य केला, हा आक्षेप येथे रास्त आहे. परंतु पुढे त्यानेच स्वरलेखनाच्या एका प्रतीवर प्रकाशाविषयी तपशीलवार टिपणे केली. ती प्रत आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. संमती परिस्थितीला होती, संहितेत बदल करण्याला नव्हती, असा याचा अर्थ होतो. २०१० मध्ये येल विद्यापीठाच्या वाद्यवृंदाने अभ्यासक ॲना गॉबॉय यांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगात या टिपणांचा आधार घेण्यात आला. रचनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी संथ धारेला सभागृहात वाव मिळाला.

एखाद्या सिंफनीमागे आज दृश्ये उमटतात, तेव्हा ती बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी भाष्य असते. भाष्याला आक्षेप असण्याचे कारण नाही; मल्लिनाथाशिवाय कालिदास वाचणारे थोडेच. मात्र टीका श्लोकाच्या खाली छापलेली असते आणि ती टीका आहे हे वाचकाला ठाऊक असते. अंधाऱ्या सभागृहात ही सीमारेषा पुसली जाते. स्क्रियाबिनने प्रकाश संहितेत लिहून आपले कर्तृत्व उघड केले होते. त्याचा वारसा सांगणाऱ्यांना, पडद्यावरची ओळ कोणी आणि कोठे लिहिली, हे विचारावे लागेल.