मारीच देशाची चौकशी

ऊन मिळवण्यासाठी परदेशी जावं लागतं, असं म्हणणारा मराठी माणूस चामटोलीला राहायला येईपर्यंत मला भेटला नव्हता. साहेबाचं एक समजू शकतो. त्याच्याकडं ऊन पाहुण्यासारखं येतं आणि चहा व्हायच्या आत उठून जातं. त्यामुळं पेन्शन सुरू झाली की तो स्पेन-पोर्तुगालकडं सरकतो. आपल्याकडं मात्र ऊन रेशनवर मिळत नाही. पापड, कुरडया, मिरच्या, गाद्या आणि शाळेत वर्गाबाहेर उभी केलेली पोरं एवढं सगळं वाळवूनही ते वर उरतं.

पण चामटोलीत एक जुलै काढलेल्या माणसाचं मत जरा निराळं असतं. बदलापूर आणि वांगणी या दोन स्टेशनांच्या मधे, उल्हास नदीच्या शेजारानं आम्ही राहतो. नदी एरवी सुस्वभावी आहे; पावसाळ्यात ती परतभेटीला येते. 27 जुलै 2019 रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या भागात पाण्यात उभी राहिली. हजारावर माणसं अडकली. एन.डी.आर.एफ.च्या होड्या आल्या, नौदल आलं, हवाई दल आलं. अंबाबाईच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांना चामटोलीचं दर्शन घडलं, आणि रेल्वेचं तिकीट काढून होडीनं उतरण्याचा मान मिळाला. त्या दिवसापासून आमच्या आळीत 'ऊन' हा शब्द जरा आदरानं उच्चारला जातो.

आमचे शेजारी अण्णा याच आदरापोटी मॉरिशसला जायचं म्हणतात. फिरायला नव्हे, राहायला. रिटायर होऊन त्यांना वर्ष झालं. चार महिने वाळत न घातलेल्या (घातले तरी न वाळलेल्या) कपड्यांचा वास त्यांच्या मनातून जात नाही. त्यांनी दोनशे पानी वही घातली आहे. तीत मॉरिशसचं महिनावार तपमान, समुद्रकिनाऱ्यांची नावं, शाकाहारी जेवणाची सोय, आणि लाल शाईनं अधोरेखित केलेली एक ओळ आहे : 'गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते.' ही माहिती खरी आहे. रिटायर झालेल्या माणसाला सुट्टी कशाला हवी, हे मात्र मी विचारलं नाही.

वही माझ्याकडं तपासायला आली. कारण मी बँकेत कारकून आहे आणि बँकेतल्या माणसाला परदेशातलं कळतं असा समज आहे. माझा परदेशाशी संबंध ए-टू नावाच्या फॉर्मापुरता. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, हा नियम मला पाठ आहे. डॉलर मात्र मी शिक्का मारण्यापुरतेच पाहिले आहेत. तरीही वही वाचली आणि सवयीनं उलट बाजूनं, म्हणजे शेवटच्या पानापासून वाचली. कर्जाचा कागद असाच वाचायचा असतो. गोड मजकूर पुढं असतो, अटी मागं. अण्णांच्या वहीत मागं काहीच नव्हतं.

तेव्हा मला वाटलं, देश बदलण्यापूर्वीच्या चौकशीचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा. कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

आमच्या लाइनीला या विषयात बोलण्याचा अधिकार आहे. बदलापूर हे नावच घोडे बदलायच्या ठिकाणावरून पडलं, असं सांगतात. दोन स्टेशनं अलीकडं उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथं लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. 1947 नंतर सिंधमधून निघालेली माणसं त्या बराकींत आली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्या माणसांनी तपमान विचारलं नव्हतं. विचारायला सवड नव्हती. घराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला लावून निघाले. त्यांनीच पुढं असा माल काढला की त्यावरचं 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद मुंबईभर झाला. तर देश बदलणारांचा हा पहिला वर्ग : चौकशीविना गेलेले.

दुसरा वर्ग चौकशी करून गेला, पण चुकीच्या माणसाकडं. आणि योगायोग असा, की तोही अण्णांच्याच मॉरिशसला गेला.

मॉरिशस इंग्रजांनी फ्रेंचांकडून 1810 साली घेतलं. बेटावर उसाचे मळे होते आणि राबायला गुलाम. 1835 मधे तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. मळेवाल्यांना अतिशय दुःख झालं आणि त्यांनी हिंदुस्थानाकडं पाहिलं. 2 नोव्हेंबर 1834 रोजीच 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले होते. तिथून जी रांग लागली ती 1910 पर्यंत. एकूण साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक बिहारकडची, काही मद्रासेकडची. आणि थोडी आपल्या मुंबई बंदरातून गेलेली, म्हणजे रत्नागिरी, सावंतवाडी अशा मुलखातली.

या माणसांनी चौकशी केली नाही, असं समजू नका. गावाबाहेर गुरू विकायला निघालेला शेतकरीसुद्धा चार माणसांना विचारून निघतो. यांनीही विचारलं. कोणाला? माणशी दलाली घेणाऱ्या माणसाला. तो म्हणाला, देशाचं नाव मारीच. तिथं दगड उलटला की खाली सोनं सापडतं. मॉरिशसमधे ही आख्यायिका आजही घरोघर सांगतात. मारीच म्हटल्यावर रामायण ऐकलेल्या माणसाला सोन्याचं हरीण आठवायला हवं होतं. पण पोटात दोन दिवस अन्न नसलं की माणूस हरणाचं सोनं तेवढं पाहतो, मारीच पाहत नाही.

आता कराराचा कागद. 'ॲग्रिमेंट' हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाला. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. भाषांतर इतकं अचूक क्वचितच होतं. ॲटलसवरच्या पहिल्या कराराची कलमं अशी : मुदत पाच वर्षं, पुरुषाला पगार महिना 5 रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल. सहा महिन्यांचा पगार आगाऊ. परतीच्या भाड्यापोटी दरमहा 1 रुपया कापून ठेवणार.

हे खातं आपण उघडून पाहू. पाच वर्षांचे 60 महिने, म्हणजे 300 रुपये. त्यातले 30 आगाऊ मिळाले. म्हणजे जहाजाचा नांगर उचलण्यापूर्वीच माणूस मालकाचा 30 रुपयांनी देणेकरी. या आगाऊ रकमांतला वाटा मधल्या माणसांच्या खिशात जात असे, ते वेगळं. परतीचे 60 बाजूला. उरले 210, आणि तेही माणूस एक दिवस आजारी पडला नाही तर. कारण मळ्यांवर 'डबल कट' नावाची रीत होती : एक दिवस गैरहजर, तर दोन दिवसांचा पगार गेला. दहा दिवस तापानं फणफणला की वीस दिवसांचं वेतन उडालं. आमच्या बँकेत दंडव्याज असतं, पण ते लावणारा अधिकारीसुद्धा हे कोष्टक पाहून टोपी काढील. आणि 1850च्या दशकात परतीचं फुकट भाडंच बंद झालं. जाताना दार उघडं आणि येताना भिंत.

आणि ऊन? ऊन मिळालं, मुबलक मिळालं. दगडही उलटायला मिळाले, त्यात दलाल खोटं बोलला नव्हता. बेट ज्वालामुखीचं. ऊस लावायचा तर जमिनीतले काळे दगड वेचून काढावे लागत. ते वेचून रचलेले ढीग उसाच्या शेतांतून आजही उभे आहेत. चार-चार पुरुष उंच. त्यांच्याखाली काय सापडलं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. वर घाम सांडला तेवढा खरा.

कागदांची हौस मात्र सरकारला दांडगी. 1867 च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे, आणि त्याचे पैसे त्यानंच भरायचे : एक पौंड. तेव्हाचे सुमारे 10 रुपये, म्हणजे दोन महिन्यांचा पगार. पास नसला तर भटक्या म्हणून तुरुंग. पासपोर्टच्या फोटोत आपण गुन्हेगारासारखे दिसतो अशी आपली तक्रार असते. त्या माणसांच्या फोटोंकडं पाहा : गुन्हा कॅमेऱ्याच्या मागं उभा आहे.

1871 मधे आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानंच या लोकांच्या बाजूनं अर्ज लिहिला. त्याखाली 9,401 मजुरांची नावं होती. विलायतेहून शाही आयोग आला आणि 1875 मधे त्याचा जाडजूड अहवाल निघाला. म्हणजे मॉरिशसबद्दलची पहिली पक्की चौकशी पहिलं जहाज गेल्यावर चाळीस वर्षांनी पुरी झाली.

साधारण तिघांतला एक परत आला. बाकीचे राहिले, आणि इथं मारीचाची गोष्ट जरा वळण घेते. 1870-80 च्या पुढं साखरेचे भाव पडले, मळेवाले जमिनीचे तुकडे विकायला निघाले, आणि ज्यांनी दगड उचलले होते त्यांनीच पै-पै साठवून ते तुकडे घेतले. पुढं पोरं शिकली. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला. तिथलं चलनही रुपयाच आहे. ज्या धक्क्यावर मजूर उतरत तो 'आप्रवासी घाट' 2006 पासून जागतिक वारशात आहे. त्याच्या 16 पायऱ्या लोक आता पायताणं काढून पाहतात. मराठी मंडळी घरात क्रिओल बोलतात, देवापुढं मराठी. रत्नागिरीकडची जाखडी तिथं 'झाकरी' या नावानं गणपतीपुढं नाचतात. अण्णांच्या वहीतल्या त्या सुट्टीमागं एवढं सगळं आहे. आणि उलटी चौकशीही सुरू झाली आहे : तिकडचे नातू-पणतू मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली जुनी रजिस्टरं चाळून आपल्या पणजोबाचं गाव शोधतात. इंग्रज कारकुनानं गावाचं नाव कानाला येईल तसं लिहिलेलं. कारकुनाचं अक्षर दीडशे वर्षांनी कोणाला रडवील, याचा नेम नाही. मी तेव्हापासून जरा सुवाच्य लिहितो.

अण्णांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ''अरे, मी ऊस तोडायला कुठं चाललोय?'' बरोबर आहे. पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला तिथं राहायचा परवाना मिळतो, फक्त दरमहा ठरावीक डॉलर बाहेरून आणावे लागतात. अण्णांची पेन्शन रुपयांत. शिवाय किनाऱ्यावर उकडतं म्हणून त्यांनी उंचावरचं क्युरपीप निवडलं होतं. 1867 च्या तापाच्या साथीत पोर्ट लुईत माणसं पटापट मेली, तेव्हा ज्यांना जमलं ते या क्युरपीपला चढले. जागा थंड, हवा निरोगी. खोड एकच : तिथं दोनच ऋतू, एक पावसाळा आणि दुसरा पाऊस पडण्याचा, असं तिथलेच लोक म्हणतात. चामटोलीतून निघून समुद्र ओलांडायचा आणि पुन्हा ओल्या कपड्यांखालीच बसायचं! अण्णांनी वही मिटली. सध्या ते वाईची चौकशी करीत आहेत.

अण्णांचं काही बिघडणार नव्हतं. उन्हात बसायला जाणारा माणूस फसला तरी कंटाळून परत येतो. उन्हात राबायला जाणाऱ्याचं तसं नाही. गेल्या महिन्यात आमच्या आळीतला एक पोरगा आईला घेऊन बँकेत आला. दहावीला दोनदा अडकलेला, पण वायरिंगचं काम चोख. दुबईला चालला होता. एजंटला द्यायला पैसे हवेत म्हणून सोनेतारण कर्ज. आईनं रुमालाची गाठ सोडली. चार बांगड्या.

मी म्हटलं, ''काय चौकशी केलीस?''

''एजंटला विचारलं ना काका. पगार चांगलाय. रूम फुकट. हवा इथल्यापेक्षा कोरडी म्हणाला.''

हवा कोरडी, हे खरं. इतकी, की 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला त्या देशात कायद्यानं बंदी आहे. मी त्याला अण्णांची वही नव्हे, गिरमिटाचा कागद समजावला. तीनच प्रश्न. सांगतो त्याला तू गेल्यावर काय मिळतं? पगारातून काय काय कापतात? आणि परत यायचं तिकीट कोण काढतं? दहा हजारांच्या कर्जाला आम्ही याहून जास्त विचारतो.

पोरगा दहावी पास नसल्यामुळं त्याच्या पासपोर्टवर सरकारी तपासणीची अट. 1837 च्या कायद्यानं निघालेल्या मजुराला सरकारी अधिकाऱ्यापुढं करार दाखवायला लावलं. पुढं त्या अधिकाऱ्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' असं भारदस्त नाव मिळालं. 1983 च्या कायद्यातही तेच पद आहे आणि मुंबईत त्याची कचेरी आहे. एजंटनं नोंदणी केलेली हवी, त्याची फी ठरावीक मर्यादेत हवी, करार आधी दाखवायला हवा. याच्या एजंटनं सांगितलं होतं, ''त्या कचेरीत कशाला? टुरिस्ट व्हिसावर जा. तिकडं बदलून घेऊ.''

बदलून घेऊ! आमच्या बदलापुरात घोडेसुद्धा पुढचा घोडा समोर पाहिल्यावर बदलत.

दुसऱ्या दिवशी पोरगा एजंटचा कागद घेऊन आला. दोन पानं. आम्ही ती मागून पुढं वाचली, मग पुढून मागं वाचली. तो म्हणाला, ''काका, परत यायचं कुठं लिहिलंय?''

कुठंच नव्हतं.

आई काही बोलली नाही. तिनं बांगड्या मोजल्या, चार भरल्या, आणि रुमालाला पहिल्यापेक्षा घट्ट गाठ मारली. पोरानं नोंदणी केलेल्या एजंटांची यादी मागितली. त्याला जायचं आहेच, आणि जावंही. पण त्या दिवशी सोनं घरी परत गेलं. मारीच देशाच्या वाटेवरून सोनं परत आलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.