बारीक भोकाची वंशावळ

"दिसतंय काय?" मिस्त्रींनी विचारलं आणि कार्बोरेटरचा जेट माझ्या तळहातावर ठेवला. पितळेचा, तुरीच्या दाण्याहून जेमतेम मोठा. उजेडाकडे धरून मी एक डोळा मिटला. जिथे भोक असायला हवं तिथे नुसता काळोख. मिस्त्रींनी खुंटीवरच्या गुंडाळीतून तंगुसाचा वीतभर तुकडा ओढला, टोक ब्लेडने तिरकं कापलं आणि जेटमध्ये ओवलं. जाळी विणतात तोच तंगूस, फक्त सगळ्यात बारीक. तार घालायची नाही असा त्यांचा दंडक आहे. क्लचच्या केबलची तार पोलादी, ती पितळ खरवडते. भोक केसभर मोठं झालं की गाडी कायमचीच जास्त पेट्रोल प्यायला लागते. नायलॉनचा तंगूस घाण ढकलतो, पितळेला ओरखडा काढत नाही. साखरी नाट्यासारख्या बंदराच्या गावी हे हत्यार फुकट मिळतं.

गाडी मामाची, येझदी अडीचशे. पावसाळाभर पडवीत गोणपाटाखाली उभी होती. दसऱ्याला पाचव्या किकला सुरू झाली. (किकचा दांडा आत दाबून पुढे वळवला की तोच गियरचा दांडा होतो, हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.) पण रेस सोडली की बंद. सपाटीला मूठ पुरी पिळली तर धावते, यशवंतगडाच्या अंगाला चढाव हळू घ्यायला जावं तर खोकते. मिस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधीच सांगितलं, "स्लोचा जेट बसला." एका लक्षणाला नेमकं एकच भोक जबाबदार, ही वाटणी कुणी आणि कधी केली, याचा माग काढायची खाज मला तिथेच सुटली.

१८८६ च्या कार्ल बेन्झच्या गाडीत असं भोकच नव्हतं. एका भांड्यात इंधन असायचं, हवा त्यावरून जायची आणि जाताना वाफ उचलून न्यायची. दोरीवरचं लुगडं वाळतं तोच प्रकार. पण लुगडं उन्हात लवकर वाळतं, मळभात उशिरा. तशी वाफही कधी जास्त, कधी कमी, आणि इंजिनाला असला लहरीपणा चालत नाही. १८९३ साली बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी वाफेचा नाद सोडून फवारा केला. फुलवाली तोंडाने नळी फुंकून फुलांवर पाणी उडवते, ते पाहून बांकीला हे सुचलं असं सांगतात. खरं की मागाहून रचलेलं, कोण जाणे. मला मात्र ती गोष्ट आवडते. त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाखही याच वाटेवर होता.

फवाऱ्यामागचं तत्त्व त्याहून जुनं. इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ मध्येच लिहून ठेवलं होतं की नळी मध्ये आवळली तर तिथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. दोन घरांमधल्या बोळात वारा घुसतो तशी हवा कार्बोरेटरच्या गळ्यातून घुसते, तिथला दाब पडतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल भोकातून वर ओढलं जातं. वाटीत पेट्रोलची पातळी एकसारखी राहावी म्हणून फ्लोट, म्हणजे संडासच्या टाकीतल्या बॉलचा धाकटा भाऊ.

मेख आहे ती हळू चालण्यात. इंजिन मंद फिरत असताना गळ्यातून हवाच इतकी थोडी जाते की मोठ्या जेटमधून पेट्रोल वर येत नाही. मग गळा लहान-मोठा करायला मुठीच्या केबलने वरखाली होणारं नळकांडं आलं, त्याला लोंबणारी निमुळती सुई आली, आणि मंद चालीसाठी बाजूने एक वेगळा पोटरस्ता आला: स्लोचा जेट आणि हवेचा स्क्रू. मूठ आठव्या हिश्श्यापर्यंत उघडी असताना राज्य या पोटरस्त्याचं. तिथून पाव मुठीपर्यंत नळकांड्याच्या कडेला दिलेल्या तिरक्या कापाचं. पुढे पाऊण मुठीपर्यंत सुईचं, आणि त्यानंतर मेन जेटचं. म्हणून गाडी कुठल्या मुठीला खोकते एवढं कळलं तरी निम्मं निदान होतं. मिस्त्रींनी हात न लावता सांगितलं त्यात जादू नव्हती.

या घराण्याच्या आपल्याकडे दोन पात्या आल्या. १९२७ मध्ये अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन इंग्रजी कंपन्या एकत्र येऊन बर्मिंगहॅमची अमल झाली. अमलकडून परवाना घेऊन जपानच्या मिकुनीने आपला कार्बोरेटर बेतला, आणि चेन्नईच्या युकालने मिकुनीशी हात मिळवून मिकार्ब काढला. नावातच कूळ सांगितलंय. दुसरी पाती चेकोस्लोव्हाकियाच्या जिकोव्हची. ती जावाबरोबर आली. इराणी कुटुंबाच्या आयडियल जावाने १९६१ मध्ये म्हैसूरला जावा बांधायला घेतली, १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ ला कारखान्याला कुलूप लागलं. मामाच्या गाडीवर जिकोव्हच आहे. त्याच्या डोक्यावर एक टिचकी आहे. ती दाबून धरली की फ्लोट बुडतो, वाटी भरून पेट्रोल बाहेर टपकतं, आणि मग किक मारायची.

हळू चालणाऱ्या गाडीची खरी परीक्षा जगात ट्रायल्सच्या शर्यतीत होते. तिथे वेगाला किंमत नाही. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, उभ्या चढावर गाडी माणसाच्या चालीने न्यायची आणि पाय टेकला की गुण गेले. एकेकाळी तिथे जडशीळ ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्या चालायच्या. सॅमी मिलरने स्पेनच्या बुल्टाको कंपनीसाठी १९६४ मध्ये हलकी टू-स्ट्रोक शेर्पा तयार केली आणि १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल तिच्यावर जिंकली, तेव्हा वारं फिरलं. अशा गाडीचा जीव मेन जेटमध्ये नसतो, स्लोच्या जेटमध्ये असतो. आमच्याकडे कुणी शर्यत भरवली नाही, पण मागे आंब्याच्या दोन पेट्या बांधून बागेतून सड्यावर येणारी कातळाची घाटी चढणारा माणूस पाय न टेकता तेच करत असतो. त्याला कुणी गुण देत नाही एवढाच फरक.

आणि कोकणात नेमका हाच जेट बसतो. चार महिने गाडी उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे उरतं ते चिकट किटण आणि टू-टी ऑइल. येझदी टू-स्ट्रोक, तिला लिटरमागे चाळीस मिली ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असल्याने ते उरणारच. ते आधी चोंदवतं सगळ्यात बारीक भोक. खाऱ्या दमट हवेत कार्बोरेटरच्या जस्ताळ धातूवर पांढरी भुकटी धरते, टाकीच्या आतून गंज सुटतो, जांभ्याची तांबडी धूळ फिल्टरवर लिंपली जाते. ऑइल पेट्रोलबरोबर येत असल्यामुळे गोष्ट नुसती खोकण्यावर थांबत नाही: पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी, आणि पिस्टन सीझ.

मिस्त्रींनी वाटी काचेच्या ग्लासात ओतून दाखवली. पूर्वी पेट्रोलमध्ये पाणी असलं तर पाऱ्याच्या गोळ्यांसारखं तळाशी लोळताना दिसायचं. २००३ मध्ये ज्या राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल सुरू झालं त्यांत महाराष्ट्र होता. २०२२ मध्ये देशभरात सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा आला, २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपावर मिळू लागलं. इथेनॉल पाणी स्वतःत मुरवून घेतं, त्यामुळे थोडं पाणी असलं तर दिसतच नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून एकदम थर धरून खाली बसतात. घाटावरचा ऊस असा पडवीतल्या येझदीच्या वाटीत पोचतो. ग्लासात तळाला धूसर थर होता. मिस्त्रींनी तो अंगणात फेकला.

जेट साफ झाला, हवेचा स्क्रू दीड फेरा उघडा ठेवला, टिचकी दाबली, दुसऱ्या किकला गाडी लागली आणि रेस सोडूनही टुकटुकत राहिली. मी पैसे काढले. मिस्त्री मात्र कान देऊन उभेच. दहा मिनिटांनी इंजिन तापलं, रेस आपोआप चढली, मग उतरली आणि गाडी बंद पडली.

टू-स्ट्रोकची ही दुसरी पिढीजात खोड. १८९० च्या आसपास इंग्लंडातल्या बाथच्या जोसेफ डेने इंजिन असं बेतलं की ते पोटाने श्वास घेतं: पिस्टन वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये हवा-पेट्रोल ओढलं जातं. पोटाला कुठे चीर पडली तर इंजिन तिथूनही हवा घेतं, आणि बाहेरून पाहणारा शिव्या देतो कार्बोरेटरला. मिस्त्रींनी डायनमोचं झाकण काढलं. क्रँकच्या ऑइल सीलभोवती काळपट ओल होती.

"काबोरेटर बिचारा," ते म्हणाले, "त्याचा अर्धाच गुन्हा होता."

सील राजापुरात मिळालं नाही, कोल्हापूरहून यायचं आहे. तोवर येझदी पुन्हा पडवीत. ढकलत नेताना टाकीखालचा कॉक बंद आहे ना हे मिस्त्रींनी दोनदा बघितलं. वाटी त्यांनी रिकामी करूनच पाठवली होती.