बंदुकीची माशी

जत्रेंतल्या बंदुकीनें ज्या श्रोत्यांनीं कधीं फुगे फोडले असतील, त्यांना नेम चुकल्याचा अनुभव खासच असेल. त्याचा दोष बहुधा हाताला दिला जातो, कधीं दुकानदाराला. वास्तविक त्यांतला बराच मोठा वांटा डोळ्याचा असतो, आणि तो दोषही डोळ्याच्या प्रकृतीचा, पाहणाराच्या आळसाचा नव्हे. नळीच्या टोकाशीं जो बारीकसा उंचवटा असतो त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. तिच्या मागें, नळीवरच, खांच असलेली एक पट्टी असते. खांच, माशी आणि लक्ष्य हीं तिन्ही एका रेषेंत आणावयाचीं. पण खांच हातभर अंतरावर, माशी दोन हातांवर आणि लक्ष्य पन्नास पावलांवर! मनुष्याचा डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्थिर होतो. एक वस्तु स्पष्ट दिसूं लागली कीं उरलेल्या दोन धूसर होतात. चाळिशी लागलेल्या गृहस्थाला तर खांच जवळजवळ दिसतच नाहीं.

शिकाऱ्याला याचें फारसें सोयरसुतक नसतें. त्याला चपळाई हवी असते, आणि सशाच्या अंगावर दोन बोटें इकडेतिकडे गोळी लागली तरी त्याचें काम होतें. कागदावरचें लक्ष्य इतकें उदार नाहीं. पन्नास मीटरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. म्हणजे टपोऱ्या हरभऱ्याहून थोडेंसेंच मोठें. येथें खांच अपुरी पडते.

यावरचा उपाय दिसण्यांत अगदीं क्षुल्लक आहे. खांचेची पट्टी काढून डोळ्याजवळ एक चकती बसवावयाची व तिला सुईच्या नाकाहून जरा मोठें छिद्र ठेवावयाचें. लहान छिद्रांतून पाहिलें असतां जवळचें आणि दूरचें दोन्ही पुष्कळसें स्पष्ट दिसतें. शिवाय डोळा आपण होऊन छिद्राच्या मध्यावर येतो. तीन वस्तूंची कसरत दोनांवर येते. अमेरिकेंत कनेक्टिकट प्रांतांतील विल्यम लायमन यांनीं १८७९ सालीं अशा साधनाचें पेटंट घेतलें आणि शिकारी रायफलींवर तें झपाट्यानें पसरलें.

तोंपर्यंत लहान काडतूसही तयार होत आलें होतें. पॅरिसच्या फ्लोबेर यांनीं १८४५ च्या सुमारास टोपींतच गोळी बसविली. १८५७ त स्मिथ आणि वेसन यांनीं .२२ चें काडतूस काढलें. त्याची ठिणगीची दारू बुडाच्या कडेंत भरलेली असते आणि घोडा त्या कडेवरच आपटतो. १८८७ पासून प्रचारांत आलेलें ‘लाँग रायफल’ काडतूस आजही स्पर्धांतून वापरतात. धक्का नाममात्र, आवाज बेताचा, किंमत थोडी. बोअर युद्धांत शेतकऱ्यांच्या अचूक नेमानें इंग्रज हादरले, तेव्हां १९०१ सालीं तिकडे लहान रायफलींच्या क्लबांची संस्था निघाली आणि हिंदुस्थानचे माजी सरसेनापति लॉर्ड रॉबर्ट्स यांनीं ती चळवळ उचलून धरली. कारकून आणि कामगार संध्याकाळीं चांदमारीला जमूं लागले. ज्याला खास स्पर्धेची रायफल परवडत नसे तो घरच्या शिकारी रायफलीलाच छिद्राची चकती बसवून घेई, आणि पार्कर-हेलसारख्या बर्मिंगहॅमच्या पेढ्यांचा त्यावर चांगला धंदा चाले.

हें काम वरवर सोपें, प्रत्यक्षांत नाजूक. रायफलीच्या पाठीवर आयती खोबण असली तर चकतीचा पाया तींत सरकवून पेंच आवळला कीं झालें. नसली तर पोलादांत भोंकें पाडून आटे पाडावे लागतात, आणि भोंक केसभर तिरकें गेलें तर चकती जन्मभर तिरकी राहते. पुढची गोम नवशिक्याच्या ध्यानांत येत नाहीं. ही चकती जुन्या खांचेहून बरीच उंच बसते. माशी मात्र जुनीच, ठेंगणी. मग गोळी लक्ष्याच्या वरून जाते, आणि चकती अगदीं तळाला नेली तरी खालीं येत नाहीं. याला उपाय उंच माशी. किती उंच, हें त्रैराशिकानें निघतें. चकती व माशी यांत सत्तर सेंटीमीटर अंतर असेल आणि पन्नास मीटरांवर गोळी दहा सेंटीमीटर वर लागत असेल, तर माशी १.४ मिलिमीटर उंच हवी. गोळी जिकडे न्यावयाची तिकडे चकती सरकवावी, माशी मात्र उलट. एवढें सूत्र पाठ असलें म्हणजे पुष्कळ काडतुसें वांचतात. माशीच्या जागीं पुढें एक कडें बसवितात व त्यांत लक्ष्याचा काळा गोल धरतात. वर्तुळांत वर्तुळ मधोमध आहे कीं नाहीं हें डोळ्याला फार चांगलें कळतें. कडें मात्र तंग नसावें. गोलाभोंवती पांढरी कड नीट दिसली पाहिजे. चकती उंच गेली म्हणजे दस्त्यावर गाल टेकण्याची जागाही उंच करावी लागते. नाहीं तर मान अधांतरीं राहते आणि सगळी मेहनत फुकट.

आपल्याकडे हा हौशी कारागिरीचा इतिहास घडला नाहीं, आणि त्याचें कारण कायद्यांत आहे. लायमन यांच्या पेटंटाच्या आदल्याच वर्षीं, १८७८ त, लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा झाला. युरोपियनांना परवान्याची माफी, एतद्देशीयांना परवान्याची अट! ज्या घरांत बंदूकच नाहीं त्या घरांत माशी घासणारा कोठून निघावा? हा सल राजकारणांतही दिसतो. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावांत नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत नमूद आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक-अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापति म्हणून त्यांना सारे ओळखतात. त्यांचें घराणें मूळचें रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगें गांवचें, हें आणि रायफलीशीं त्यांचें असलेलें नातें त्या मानानें थोड्यांना ठाऊक असतें. त्यांच्या नांवाची स्पर्धा आजही भरते. १९५९ त नवा शस्त्रकायदा झाला, तरी .२२ रायफलीला परवाना हवाच. म्हणून महाराष्ट्रांतील पुष्कळ नेमबाज दोन वाटांनीं आले : राष्ट्रीय छात्रसेनेच्या .२२ रायफलीवरून, किंवा परवाना न लागणाऱ्या कमी शक्तीच्या हवाई रायफलीवरून. मुंबईच्या अंजली भागवत छात्रसेनेंतूनच या खेळांत आल्या व २००० सालीं सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत पोंचल्या.

हवाई रायफलीवरही छिद्राची तीच चकती आणि तेंच कडें असतें. ठाण्याच्या खाडीकांठचें सारसोळें हें कोळी-आगरी वस्तीचें जुनें गांव. १९७० नंतर नव्या मुंबईची आखणी झाली आणि नेरूळच्या वसाहतीनें त्याला वेढलें. तेथून थोड्याच अंतरावर, पनवेलला, सुमा शिरूर यांची ‘लक्ष्य’ ही नेमबाजीची संस्था आहे. २००४ सालीं क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेंत शिरूर यांनीं प्राथमिक फेरींत ४०० पैकीं ४०० गुण मिळविले. चाळीस गोळ्या, चाळीसही दहांत.

खऱ्या .२२ रायफलीचें यश मात्र कोल्हापुरानें पाहिलें. २०१० सालीं म्यूनिकच्या जागतिक स्पर्धेंत तेजस्विनी सावंत यांनीं पन्नास मीटरांवर, पालथें पडून, साठ गोळ्यांत ६०० पैकीं ५९७ गुण घेऊन सुवर्णपदक जिंकलें व त्या वेळच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. जागतिक नेमबाजी स्पर्धेचें सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं, पॅरिस ऑलिंपिकमध्यें, गुडघा टेकून, पालथें पडून आणि उभें राहून अशा तिन्ही स्थितींतून ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणलें. स्थिति बदलली कीं मानेची ठेवण बदलते. म्हणून प्रत्येक वेळीं चकतीचीं चक्रें मोजक्या टिचक्यांनीं फिरवून नेम नव्यानें जुळवावा लागतो, आणि अंतिम फेरींत हें सारें घड्याळाच्या धाकांत करावयाचें असतें.