दाढेतले सोने, दाढेतली चांदी



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आग्रह आपल्या चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याची कृती मागितली असती तर एका दमात सांगितली असती. परंतु त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकू लागली आणि तिनेच मला विषय दिला.

खरे सांगायचे तर ती दाढ तीन महिने कुरकुरत होती. मी लवंग दाबून दिवस ढकलत होते. शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारले, "काकू, चांदी भरू की दाताच्या रंगाचे पांढरे भरू?" चांदी स्वस्त, पांढरे महाग. स्वतःसाठी खर्च करायची वेळ आली की आपण बायका जे म्हणतो, तेच माझ्या ओठावर आले, "स्वस्तातले भरा." पण मनात म्हटले, साडी घेताना आपण दहा दुकाने पाहतो, मग आयुष्यभर तोंडात राहायची वस्तू न समजता का घ्यावी? तात्पुरते सिमेंट भरून घेतले आणि घरी आले. त्या सिमेंटातही लवंगेच्या तेलाचाच अंश असतो, हे कळल्यावर आजीच्या बटव्याचे कौतुक वाटले.

माझी भाची दंतवैद्यकी शिकते. तिने पुस्तके उघडून जी हकीकत सांगितली, ती मी तुमच्यापुढे ठेवते.

दात भरण्याची युक्ती फार जुनी आहे. युरोपातल्या स्लोव्हेनियात सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीचा एक जबडा मिळाला. त्यातल्या तडकलेल्या दातावर मधमाशांचे मेण होते. दुखू नये म्हणून ते लावले असावे, असा तर्क आहे. चीनमध्ये इ. स. ६५९ च्या औषधिग्रंथात चांदी, कथील आणि पारा यांच्या लगद्याचा उल्लेख आहे. युरोपात पंधराव्या शतकात जोव्हानी द'आर्कोली या इटालियन वैद्याने सोन्याचा वर्ख भरण्याविषयी लिहिले. सोने गंजत नाही, काळे पडत नाही. पण वर्खाचे तुकडे एकेक करून ठोकून बसवायचे, म्हणजे वेळ फार आणि पैसाही फार. गरिबाने दाढ उपटूनच घ्यायची.

पुढे १८२६ साली पॅरिसच्या तावो यांनी चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून भरायला सुरुवात केली. हा लगदा मऊ असताना दाढेत दाबायचा, मग तो आपोआप कठीण होतो. १८३३ मध्ये क्रॉकोर नावाचे बंधू हेच मिश्रण घेऊन न्यूयॉर्कला गेले. सोन्याऐवजी चालणारा राजेशाही पदार्थ, अशी त्यांनी जाहिरात केली. मात्र कीड न कोरताच वरून लगदा भरीत, त्यामुळे लोकांचे हाल झाले.

येथून भांडण पेटले. अमेरिकेतल्या दंतवैद्यांची संस्था १८४० साली निघाली होती. तिने १८४५ साली सभासदांकडून शपथपत्र मागितले, की पारा घातलेले मिश्रण आम्ही कधीही वापरणार नाही. सोन्याच्या बाजूच्यांना पाऱ्याची भीती होती आणि भोंदूंचा राग होता. पण सोने ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करावे, याला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. १८५० मध्ये शपथ मागे घ्यावी लागली आणि १८५६ मध्ये संस्थाच मोडली. चांदी टिकली. आरंभीची मिश्रणे फुगत, आक्रसत, कधी दातही फोडीत. १८९५ च्या सुमारास ग्रीन ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने प्रयोग करून प्रमाण नीट बसवले, तेव्हा ती भरवशाची झाली.

हे ऐकताना मला माझी आई आठवली. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ पासून आहे, पण आमच्या खेड्यातून तेथे जाणार कोण? दाढ दुखली की उपटायची, एवढाच इलाज. पंचेचाळिशीत आईला भाकरी आमटीत बुडवून मऊ करून खावी लागे. चार पैशांची चांदी वेळेवर मिळाली असती, तर तिच्या दाढा राहिल्या असत्या.

आता पांढऱ्या मसाल्याची गोष्ट. १९५५ साली ब्युओनोकोर यांनी दाखवले की सौम्य आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरबरीत केला तर राळ त्याला घट्ट धरते. १९६२ मध्ये बोवेन यांनी त्यासाठी योग्य राळ तयार केली. तीत बारीक काचपूड मिसळून थर देतात आणि दिव्याच्या प्रकाशाने घट्ट करतात. मात्र भरताना जागा कोरडी ठेवावी लागते आणि वेळही जास्त लागतो. १९७२ मध्ये इंग्लंडच्या विल्सन व केंट यांनी काचेच्या भुकटीचे सिमेंट पुढे आणले. ते दाताला चिकटते आणि फ्लोराइड सोडते. लहान मुलांच्या दुधाच्या दातांना ते बरे, पण चावण्याच्या दाढेला कमी मजबूत.

चांदी मात्र आता मागे पडते आहे. जपानमधल्या मिनामाता येथे कारखान्याच्या पाण्यातून गेलेल्या पाऱ्याने माणसे अपंग झाली, तो आजार १९५६ मध्ये उजेडात आला. त्याच गावाच्या नावाने २०१३ साली पारा कमी करण्याचा जागतिक करार झाला. भारताने तो २०१८ साली मान्य केला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, अगदी वैद्यकीय गरज नसेल तर, चांदी भरणे बंद आहे. म्हणून जुनी चांदी उकरून काढायची का? आमच्या सासूबाईंनी हे ऐकून तोच धसका घेतला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली सांगितले, की गर्भवती आणि लहान मुलांना नवी चांदी शक्यतो भरू नये, पण धड असलेली जुनी विनाकारण काढूही नये. सासूबाईंची चांदी आहे तेथेच आहे, आणि त्या निर्धास्त.

मी काय केले? डॉक्टरीणबाईंना विचारले, भोक केवढे, जागा कोरडी राहील का, टिकेल किती? त्यांनी न कंटाळता सांगितले आणि मी पांढरे भरून घेतले. वर त्या म्हणाल्या, "काकू, आणखी दोन महिने थांबला असतात तर मुळापर्यंत जावे लागले असते."

तेव्हा मला उमगले, की सोने, चांदी की पांढरे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न दवाखान्याची पायरी केव्हा चढायची, हा. घरातल्या सर्वांचे दुखणे आपण आधी पाहतो आणि आपली दाढ लवंगेवर ठेवतो. मैत्रिणींनो, पुढच्या वर्धापनदिनी चिवडा सर्वांना कुरकुरीत चावता यावा, एवढीच इच्छा. असो, लेख लांबला, चूकभूल माफ करावी.