रामफळ : नाव इथले, मूळ कुठले?

मुळा धरणाचे पाणी आल्यावर सोनईच्या शिवारात ऊस वाढला. परसात मात्र पेरू, लिंबू, शेवगा हीच झाडे ठरलेली. रामफळ क्वचितच दिसते. माझ्या परसात एक आहे. सीताफळ दिवाळीच्या सुमारास सरते आणि रामफळ माघ-फाल्गुनात पिकू लागते. चैत्रातली फळे शेजारच्या आजी रामनवमीच्या नैवेद्याला नेतात. हे झाड मूळचे अमेरिकेतले, असे मी सांगितले की त्या विचारतात, "रामाचं फळ परदेशी कसं असंल?"

प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञालाही भरहुतच्या शिल्पांत सीताफळ दिसले होते. पण दगडात कोरलेल्या खवलेदार फळावरून जात ठरवणे अवघड. फणसही तसाच कोरला जाईल.

वनस्पतिशास्त्रज्ञ रामफळाचे मूळ उष्ण कटिबंधातील अमेरिकेत मानतात. लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातील 'अनोना' हा शब्दही कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही झाडे भारतात आली, असे सर्वसाधारण मत आहे. मलबारमधील डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या 'होर्टुस मलाबारिकुस' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१६८२) रामफळ 'अनोना-मरम' म्हणून येते. मरम म्हणजे झाड. तिकडे परके नाव टिकले; आपल्याकडे झाडाला रामाचे नाव मिळाले.

म्हणून 'रामफळ' हा शब्द झाडाच्या जन्मगावाचा पुरावा होत नाही. लोकांनी ते किती आपलेसे केले, याचा मात्र तो पक्का पुरावा आहे. दोन भावंडफळांना राम आणि सीता म्हटल्यावर याच कुळातल्या पुढच्या फळांना लक्ष्मणफळ, हनुमानफळ अशी नावे पडत गेली. आमच्या शेजारच्या राहुरीतील महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही सीताफळाच्या एका वाणाला 'फुले जानकी' हे नाव दिले. नामकरणाची ही परंपरा अजून चालू आहे.

रोपवाटिकेत सीताफळाचे कलम पुष्कळदा रामफळाच्या खुंटावर बांधतात. हे सांगितले तेव्हा आजी म्हणाल्या, "मग बरोबरच हाय की!" अमेरिकेचा मुद्दा त्यांनी अजून मान्य केलेला नाही, पण यंदा त्यांनी रामफळाच्या बिया धुऊन, वाळवून ठेवल्या आहेत.